‘स्वप्नदोष’ हा शब्द आता सोडावा

दहावीतील एका मुलास त्याच्या मातोश्री आमच्याकडे घेऊन आल्या. भूक नाही, अभ्यासात चित्त नाही, मैदानावर जाणे बंद. मातोश्रींच्या अनुमतीने त्याच्याशी एकांतात बोललो, तेव्हा त्याने दप्तरातून वाजीकर चूर्णाची डबी काढली. महिन्यातून दोन-तीन वेळा झोपेत होणाऱ्या वीर्यस्खलनाने आपण खंगत चाललो आहोत, अशी त्याची समजूत झाली होती. डबी औषधी दुकानातून घेतलेली होती. वय कोणी विचारले नव्हते. वजन, नाडी, मूत्र, सर्व प्राकृत. व्याधी होती ती भयाची.

हे भय बसस्थानकाच्या भिंतींवरून येते, हल्ली मोबाईलवरूनही येते. परंतु आपल्या गल्ल्यावरूनही येते, हे मान्य केले पाहिजे. कळीत गंध असतो पण व्यक्त होत नाही, त्याप्रमाणे बालकातही शुक्र असते व वयपरत्वे प्रकट होते, असे सुश्रुताचार्य सांगतात. त्या प्रकट होण्यासच आपण ‘दोष’ म्हणावे काय? चरकाचार्यांच्या मते सोळाव्या वर्षापर्यंत धातू अपरिपक्व असतात आणि त्यापुढे तिसाव्या वर्षापर्यंत मन प्रायः अनवस्थित असते. अशा मनावर एका शब्दाचाही आघात होतो. डॉ. विग यांनी या भयग्रस्त अवस्थेस ‘धात सिंड्रोम’ हे नाव १९६० साली दिले. आपण मात्र अजून डबी विकतो आहोत.

मूत्रदाह, पूयस्राव, वेदना किंवा वजन घटणे असल्यास तपासणी अवश्य करावी. एरवी समजावणे हीच चिकित्सा. (मुलींच्या बाबतीतही हेच. रजोदर्शनानंतरची पहिली दोन-तीन वर्षे पाळी बहुधा अनियमित असते. तेवढ्यावरून रजःप्रवर्तनी वटी देण्याची घाई कशाला?)

लैंगिक शक्ती, उंची इत्यादींविषयीच्या औषधांच्या जाहिरातींना १९५४ च्या कायद्याने मनाई आहे. गल्ल्यावरची विक्री मात्र आपल्या विवेकावर राहते. आमचे म्हणणे एवढेच, की अठरा वर्षांखालील मुलास वाजीकर कल्प वैद्याच्या चिठ्ठीवाचून देऊ नयेत, आणि वैद्यांनी केसपेपरवर ‘स्वप्नस्खलन’ असे लिहावे. ‘आम्ही न दिल्यास शेजारचा देईल,’ असे काही दुकानदार बंधू म्हणतील. देईलही. म्हणूनच हा ठराव संघटनेने सर्वांसाठी करावा.

त्या मुलास आम्ही औषध दिले नाही. पंधरा दिवसांनी तो पुन्हा आला, खेळताना मुरगळलेला घोटा घेऊन.