गणवेशाचं प्रमाणपत्र

मराठीत 'हौशी' हा शब्द रंगभूमीला लागला की मानाचा असतो. दिवसभर बँकेत नाहीतर शाळेत राबून रात्री तालमी करणारी मंडळी राज्य नाट्य स्पर्धेत उतरतात, त्यांना हौशी म्हणताना कुणी नाक मुरडत नाही. हाच शब्द कादंबरीकाराला लावा, संपादक हसतात. त्यातून विषय सैन्याचा आणि लेखकाने जन्मात गणवेश चढवलेला नसेल, तर संहिता न वाचताच परत.

या हसण्याला वाङ्मयाच्या इतिहासात काडीचा आधार नाही. अमेरिकी यादवी युद्ध 1865 मध्ये संपलं. त्यावर 'द रेड बॅज ऑफ करेज' लिहिणारा स्टीफन क्रेन 1871 मध्ये जन्मला. आपल्याकडचा दाखला कादंबरीचा नाही, पण अधिक बोलका आहे. वरसईचे गोडसे भटजी दक्षिणेच्या आशेने उत्तरेत गेले आणि 1858 मध्ये झाशीच्या वेढ्यात सापडले. 1907 मध्ये छापलेल्या 'माझा प्रवास'मध्ये लढाई आहे ती लपून बसलेल्या, भुकेल्या, तहानेल्या माणसाने पाहिलेली. युद्धाचं इतकं खरं मराठी गद्य एका भिक्षुकाने लिहिलं.

तेव्हा हौशी लेखकाची बाजू मी घेते. पण भांडण त्याच्याशीही आहे.

मी अड्यारला राहून अनुवाद करते. अशा कादंबऱ्या इंग्रजीत करून द्या म्हणून माझ्याकडे येतात. त्यांत रायफलीचं 5.56 मिलिमीटर अचूक असतं, खंदकाची खोली अचूक असते, पदांची उतरंड अचूक असते. आणि बेळगावच्या केंद्रातून निघालेला मराठा लाइट इन्फंट्रीचा जवान, घर साताऱ्याच्या खेड्यात, मरताना सदाशिव पेठेतलं मराठी बोलतो. साहेबापुढची त्याची हिंदी वेगळी, सोबत्याशी बोली वेगळी, घरी फोनवर आवाज आणखी वेगळा. यातलं काही कागदावर येत नाही. बंदुकीला नंबर मिळतो, माणसाला जीभ मिळत नाही. अनुवादात हे लपवता येत नाही. मुळात जो आवाजच नाही, तो मी इंग्रजीत कुठून आणू?

विम्याचा व्यवसाय सांभाळून टॉम क्लॅन्सीने 1984 मध्ये 'द हंट फॉर रेड ऑक्टोबर' छापली, तेव्हापासून जगभरच्या हौशी मंडळींनी वास्तव म्हणजे यंत्रसामग्री असं धरून ठेवलं आहे. मग संहिता एखाद्या निवृत्त कर्नलसाहेबांना दाखवायची, त्यांनी 'तपशील बरोबर' म्हटलं की कृतार्थ व्हायचं. गंमत पाहा: सेवेतल्या अधिकाऱ्याला सेवेविषयी पुस्तक छापायचं तर आधी मंजुरी घ्यावी लागते. हौशी लेखकाला कुणाचीच मंजुरी नको. हाच त्याचा एकमेव खरा फायदा, आणि तो स्वतःहून सॅल्यूट ठोकत मंजुरी मागायला जातो.

माझ्या घराजवळच्या नदीचंच घ्या. 1746 मध्ये फ्रेंचांनी मद्रासचा किल्ला घेतला, तो सोडवायला अर्काटच्या नवाबाचा मुलगा महफूज खान सुमारे दहा हजारांची फौज घेऊन अड्यारच्या काठी उभा राहिला. कॅप्टन पॅराडीने हजारभर माणसांनिशी नदी उतरून ती उधळली. शिस्त, बार आणि संगिनी यांचा विजय म्हणून लष्करी इतिहासात हा प्रसंग शिकवतात. पण त्या हजारांत सुमारे सातशे हिंदी शिपाई होते. हुकूम त्यांना कोणत्या भाषेत कळला? पाण्यात उतरताना शेजाऱ्याला काय म्हणाले? पगार किती थकला होता? त्या काळी पाँडिचेरीत आनंद रंग पिळ्ळै हा व्यापारी, पुढे डुप्लेचा मुख्य दुभाषी, तमिळमध्ये रोजनिशी लिहीत होता. दर, अफवा, देणीघेणी, सगळं. शिपायांची रोजनिशी नाही. ती जागा कादंबरीची आहे. कुठलंही लष्करी दप्तर ती भरून देणार नाही, कुठलेही कर्नलसाहेब तिच्यावर शिक्का मारू शकणार नाहीत.

म्हणून संपादकांना सांगणं एवढंच की लेखकाचा सेवातपशील मागू नका, संहिता वाचा. आणि हौशी मित्रांनो, हौसेने लिहिताय ना? मग हौस पुरी करा. रायफल एकदा बरोबर लिहून झाली की ती खाली ठेवा आणि ती धरणाऱ्याला बोलू द्या, त्याच्या बोलीत.