धर्माचा रकाना

प्रवेश अर्जातील धर्माच्या रकान्यापाशी गोवंडीतील काही पालकांचा हात आजही थबकतो. 'बौद्ध' लिहिल्यास सवलत जाईल, ही त्यांची भीती. ती निराधार नव्हती. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर बौद्धांना केंद्राच्या अनुसूचित जातींच्या यादीत स्थान नव्हते; ते १९९० च्या दुरुस्तीने मिळाले. चौतीस वर्षे धम्म की राखीव जागा, असा पेच घराघरांत होता. कायदा बदलला, धास्ती उरली.

रशियातील काल्मिक बौद्धांची परवड निराळी. सोव्हिएत राजवटीने त्यांची मंदिरे नष्ट केली, १९४३ मध्ये सारा समाज हद्दपार केला. ती राजवट कोसळल्यावर त्यांनी धर्म पुन्हा उभारला; २००५ मध्ये एलिस्ता येथे भव्य मंदिर झाले. त्यांना परतण्यास जुनी परंपरा होती. आपण धम्म नव्याने स्वीकारला, म्हणून आपल्याला कागदावरील नोंदीचे मोल अधिक.

'नवबौद्ध' हा शब्दही आता पुरे. जन्मतः बौद्ध असलेल्या तिसऱ्या-चौथ्या पिढीला (कारकुनी सोयीखेरीज) 'नव' कशासाठी म्हणावे? धर्म बौद्ध आणि मूळ जात अनुसूचित, या दोन्ही नोंदी कायद्याने एकत्र चालतात. पुढील प्रवेशांच्या वेळी हे समजावून सांगण्यास माजी विद्यार्थ्यांपैकी कुणी कार्यालयात बसावे, असे आम्हांस वाटते.