जाण्यायेण्याचे तास कोणाच्या खात्यावर?

‘नोकरी चांगली आहे, पण लांब आहे.’ बायकांच्या गटात हे वाक्य इतक्या वेळा कानावर पडतं की त्यात काही प्रश्न आहे, हेही आता लक्षात येत नाही. मग सल्ले सुरू होतात. तरुण कार्यकर्त्या म्हणतात, घे, आर्थिक स्वावलंबन महत्त्वाचं. वयानं मोठ्या असतात त्या म्हणतात, अगं तब्येतीचं बघ, पोरं लहान आहेत. दोन्ही सल्ले मनापासूनचे असतात. पण दोन्ही सल्ल्यांत एक गोष्ट धरून चाललेली असते : निर्णय तिचा, त्यामुळे निस्तरायचंही तिनंच.

एक साधं उदाहरण घेऊन हिशेब मांडू. बदलापूरला राहणारी एक बाई घरापासून दहा मिनिटांवर हिशेबनिशीचं काम करते, पगार १३ हजार. अंधेरीला २१ हजारांची नोकरी मिळते आहे. वाढ ८ हजारांची, म्हणजे घरात पेढे वाटावेत अशीच. आता खर्च धरा. रेल्वेचा पास, दोन्ही टोकांच्या रिक्षा, पाळणाघराच्या जादा तासांचे पैसे, उशीर झाला की बाहेरून आणलेली पोळीभाजी. काटकसरीनं धरलं तरी साडेतीन हजार. हातात उरले साडेचार. घरापासून कचेरीच्या दारापर्यंत, दादरला गाडी बदलून, एका बाजूला सव्वादोन तासांच्या आसपास. आधीची वीस मिनिटं वजा केली तरी रोजचे जादा तास चार, महिन्याच्या २५ दिवसांचे शंभर. म्हणजे या तासांचा भाव पडला ४५ रुपये. ती आज जवळच्या नोकरीत तासाला ६५ रुपये मिळवते आहे.

असा हिशेब कागदावर मांडला की बायका चपापतात, कारण हे शंभर तास आजवर कोणी मोजलेलेच नसतात. पगार मोजला जातो, पास मोजला जातो, तिचा वेळ फुकट धरला जातो.

पण ४५ रुपयांवर थांबून ‘नको घेऊस’ म्हणणंही घाईचं होईल. लांबच्या नोकरीत नेमणुकीचं पत्र मिळतं का, भविष्य निर्वाह निधी कापला जातो का, बाळंतपणाची भरपगारी रजा आहे का, पुढे बढती आहे का? छोट्या जागी पुष्कळदा यातलं काहीच नसतं. वहीवर सही आणि हातात रोख. नवरा गेलेल्या किंवा टाकलेल्या बाईला म्हातारपणी निर्वाह निधीचे पैसे हाच आधार असतो, आणि त्याची किंमत तासाच्या भावात बसत नाही.

खरा प्रश्न हा की ते चार तास येतात कुठून? केंद्र सरकारच्या २०२४ सालच्या वेळ-वापर पाहणीनुसार घरचं बिनपगारी काम करणाऱ्या बायका त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं घालवतात, आणि असं काम करणारे पुरुष ८८. पुरुषाला लांबची नोकरी लागली की घराचं वेळापत्रक त्याच्याभोवती फिरतं. पहाटे पाचला डबा तयार असतो, परतल्यावर ताट वाढलेलं असतं, ‘दमून आलाय’ म्हणून पोरांना गप्प केलं जातं. बाईला लांबची नोकरी लागली की वेळापत्रक तेच राहतं, तीच चारला उठायला लागते. पुरुषाचा प्रवास बायकोच्या श्रमावर चालतो, आणि बाईचा तिच्या झोपेवर.

जवळच्या नोकरीतला कमी पगारही काही आकाशातून पडत नाही. फ्रान्समध्ये बेरोजगारांची नोंद करताना किमान किती पगार हवा आणि किती लांब जायची तयारी आहे, हे विचारलं जातं. त्या नोंदींवरून झालेला एक अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध झाला. तिथेही बायका कमी पगार चालेल पण काम जवळ हवं असं सांगतात, आणि लग्न व मुलं झाली की हा फरक वाढतो. बाईला लांब जाता येत नाही हे आपल्याकडच्या मालकालाही पक्कं ठाऊक असतं. गावातली खाजगी शाळा, दवाखाना, औषधांचं दुकान, छोटा कारखाना इथे शिकलेल्या मुली ज्या पगारावर राबतात, त्याच्यामागे हे ठाऊक असणं आहे. घरकामाच्या विषम वाटणीचा फायदा फक्त नवऱ्याला होतो असं नाही, तो मालकाच्या नफ्यातही जातो. कामगार संघटनांनी या बाजूनं विचार केल्याचं फारसं दिसत नाही.

मुळात घर लांब गेलं कसं? १९८२ च्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या आणि परळ-लालबागच्या कितीतरी कुटुंबांनी विरार, नालासोपारा, डोंबिवली, बदलापूर गाठलं. परवडेल तिथे घर घेतलं, यात गैर काही नाही. पण घर कुठे घ्यायचं हे ठरतं तेव्हा भाव, दिरांचं घर, मुलांची शाळा, त्याच्या कामाची जागा हे सगळं बघितलं जातं. तिला तिथून कुठे काम मिळेल हे शेवटी आठवतं किंवा आठवतच नाही. मग कर्जाचा हप्ता एका पगारात भागत नाही, आणि तिनं लांब जाऊन जास्त कमावणं ही घराची गरज होते. हप्ता तिच्या पगारातून जातो. कागदावर तिचं नाव आहे का, हेही या निमित्तानं विचारायला हवं.

काहींना तर विचारणारंच कोणी नव्हतं. २०१७ पासून तानसा जलवाहिनीलगतच्या वस्त्या पाडून विद्याविहार-घाटकोपरकडच्या कुटुंबांना माहुलला नेलं. तिथल्या तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या हवेबद्दल आंदोलन झालं, न्यायालयात लढाई झाली. घरकामगार बायकांच्या तुटलेल्या कामाची चर्चा मात्र कमी झाली. चार घरी तास-तासभर काम करणाऱ्या बाईला बसचे दोन तास परवडत नाहीत. तिच्या बाबतीत लांबचं काम आणि जवळचं काम अशी निवडच उरत नाही.

शहराबाहेर हाच प्रश्न आणखी जिवावरचा होतो. ४ एप्रिल २०२५ रोजी हिंगोली जिल्ह्यातल्या गुंज गावच्या शेतमजूर बायका ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून नांदेड जिल्ह्यातल्या आलेगाव शिवारात कामाला निघाल्या होत्या. ट्रॉली विहिरीत पडली आणि सात बायका गेल्या. यांचं जाणं-येणं कोणाच्या नोंदीत आहे? २०११ च्या जनगणनेत कामाला जाण्याचं अंतर आणि वाहन विचारलं गेलं, पण त्यातून शेतकरी, शेतमजूर आणि घरगुती उद्योगात काम करणारे वगळले होते. ग्रामीण कष्टकरी बायका बहुतेक याच तीन रकान्यांत येतात. मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं, त्याचं स्वागतच आहे. पण कामाच्या वेळेला गाडीच नसेल तर अर्धं तिकीट कशाचं काढायचं?

कायदा कारखान्याच्या फाटकाबाहेर एखादंच पाऊल टाकतो. लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात मालकानं पुरवलेलं वाहन ‘कामाच्या जागे’त धरलं आहे, पण लोकल, एसटी, वडाप त्यात नाही. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार रात्री साडेनऊनंतर बाईला कामावर ठेवायचं तर तिची संमती हवी आणि तिला घराच्या दारापर्यंत पोचवण्याची सोय हवी. पण संध्याकाळी सातला सुटून साडेनऊला स्टेशनावर उतरणाऱ्या बाईची जबाबदारी कोणाचीच नाही. ५० किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे पाळणाघर हवं, आईला दिवसातून चारदा बाळाकडे जाता यावं, ही तरतूदही २०१७ साली आली आणि नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ती आहे. चांगलंच आहे. पण सकाळच्या गर्दीत तान्हं मूल घेऊन बदलापूरहून अंधेरी गाठा म्हणावं! पाळणाघर कचेरीत हवं की राहत्या वस्तीत, स्टेशनाजवळ हवं, ही मागणी आपणच नीट मांडायला हवी. कामावर जाता-येतानाचा अपघात, कामाशी त्याचा संबंध दाखवता आला तर, नोकरीतलाच अपघात धरावा असं सर्वोच्च न्यायालयानं जुलै २०२५ मध्ये सांगितलं. साखर कारखान्याकडे निघालेला एक रखवालदार २००३ साली वाटेत दगावला होता, त्याच्या कुटुंबाला हे ऐकायला २२ वर्षं लागली. तरी वाट हाही कामाचाच भाग आहे, हे तत्त्व त्यात मान्य झालं आहे. त्याचा उपयोग करून घ्यायला हवा.

दुसरी बाजू सांगितल्याशिवाय राहवत नाही. चर्चगेट-बोरिवली मार्गावर पहिली महिला विशेष लोकल मे १९९२ मध्ये सुरू झाली, आणि त्याच्याही कितीतरी आधीपासून बायकांचा डबा ही एक जागा आहे. तिथे भिशी चालते, भांडणं होतात, हळदीकुंकू होतं, नवऱ्यानं हात उगारल्याचं पहिल्यांदा सांगितलं जातं. ‘गाडीतला तासभर तरी कोणी मला हाक मारत नाही’ असं म्हणणाऱ्या बाईला आपण काय उत्तर देणार? घरापासून दूर जाण्यात मोकळीक असते, नवी ओळख असते. लांबच्या नोकरीला सासरची माणसं नाही म्हणतात तेव्हा त्यांना तिच्या झोपेची काळजी असतेच असं नाही. मात्र गाडीत भाजी निवडणाऱ्या बायकांचे फोटो छापून त्यांच्या ‘कसरती’चं कौतुक करणारी वर्तमानपत्रं वाचून वैताग येतो. ती कसरत नाही, रुळांवर आलेलं स्वयंपाकघर आहे.

म्हणून गटात हा प्रश्न आला की तिला सल्ला देण्याआधी घरच्यांना बोलवा. ती लांब जाणार असेल तर सकाळचा डबा कोणाचा, मुलांना आणणं कोणाचं, रविवारचं धुणं कोणाचं, हे आधी ठरू द्या. ‘मदत करीन’ हे उत्तर पुरेसं धरू नका. ज्या एकट्या आहेत त्यांच्यासाठी वस्तीतल्या चारजणींनी पाळणाघर चालवणं, स्टेशनावरून मिळून येणं यांसारख्या गोष्टी गटानं उभ्या करायच्या आहेत. आणि सगळं बघून एखादी जवळचीच नोकरी धरून राहिली, तर तिला कच खाल्ली म्हणू नका. त्या जवळच्या मालकाकडून पगार वाढवून घ्यायला तिच्याबरोबर जा.

पुढच्या अंकासाठी आम्हाला तुमच्या नोंदी हव्या आहेत. एका आठवड्याच्या, रोज लिहिलेल्या. घरातून कितीला निघालात, किती चाललात, गाडीची वाट किती बघितली, बसायला मिळालं का, किती पैसे गेले, आणि त्या वेळात घरी कोण काय करत होतं. घरात कमावता पुरुष असेल तर त्याच्या आठवड्याची नोंदही त्याच रकान्यांत करा. पाकिटावर स्वतःचं नाव घालायचं नसेल तर नका घालू. गावाचं आणि स्टेशनाचं, किंवा एसटीच्या थांब्याचं नाव तेवढं लिहा.