मुंजीची फिल्म आजीच्या टीव्हीवर

मैत्रिणींनो, मुलाच्या मुंजीचा व्हिडिओ कॉम्प्युटरवर छान दिसतो. मोठ्या हौसेने त्याची डीव्हीडी करून गावी आजीकडे नेली, तर तिच्या जुन्या प्लेअरवर काहीच उमटत नाही! दोष प्लेअरचा नसतो बरं का. आपण फाईल नुसती उचलून डिस्कवर ठेवलेली असते, आणि जुन्या प्लेअरला ती वाचता येत नाही.

म्हणून डीव्हीडी करताना 'डेटा डिस्क' न निवडता 'डीव्हीडी व्हिडिओ' निवडावे. मग प्रोग्रॅमच फाईलचे रूपांतर प्लेअरला कळेल अशा एमपेग-२ प्रकारात करतो. आपल्याकडच्या टीव्हीसाठी 'पाल' पद्धत घ्यावी. लॅपटॉपला डिस्कचा कप्पा नसेल, तर यूएसबीने जोडायचा रायटर मिळतो.

साध्या डिस्कवर ४.७ जीबी मावते, म्हणजे चांगल्या चित्राचे सुमारे २ तास. चार तास कोंबले तर चित्र भुरकट होते. त्यापेक्षा सरळ दोन डिस्क कराव्यात. बर्न करताना वेग कमी, ४ किंवा ८ ठेवावा. शेवटी 'फायनलाइज' करायला विसरू नका. नाव मऊ टोकाच्या मार्करने लिहावे. बॉलपेन नको आणि चिकटपट्टीही नको.

डिस्क आधी घरच्या किंवा शेजारच्या प्लेअरवर शेवटपर्यंत लावून बघा. आणि हो, ती नीट चालली तरी मूळ फाईल पुसू नका. ओरखडा पडला तर डीव्हीडी पुन्हा करता येते. मुंज काही पुन्हा लागत नाही!