नीराचा नकार

माता-भगिनींनो, सिनेमातली नायिका म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे येते ती डोळे पुसणारी, मार खाऊनही नवऱ्याच्या पायाशी बसणारी आणि शेवटी 'सोशिक' म्हणून शाबासकी घेणारी बाई. आज आम्ही सांगणार आहोत ती गोष्ट वेगळ्या मुलीची आहे. तिचे नाव नीरा.

१९३७ साली पुण्याच्या प्रभात फिल्म कंपनीचा 'कुंकू' हा बोलपट आला. दिग्दर्शक व्ही. शांताराम. गोष्ट ना. ह. आपटे यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवरची. नीरा पोरकी मुलगी. नातेवाईक पैशाच्या लोभाने तिला फसवून एका म्हाताऱ्या वकिलाच्या गळ्यात बांधतात. त्या वकिलाची मुले तिच्याच वयाची! आता अशा मुलीने काय करायचे? नशिबाला दोष द्यायचा, नाही तर विहीर जवळ करायची, हीच तेव्हाची रीत. नीराने दोन्ही केले नाही. ती त्याच घरात राहिली आणि ठणकावून म्हणाली की हे लग्न मला मान्य नाही. नवऱ्याला तिने जवळ येऊ दिले नाही. वाईट नजरेने अंगलट येणाऱ्या सावत्र मुलाला तिने छडीने बडवून काढले.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. त्या घरात नीराच्या बाजूने उभी राहते ती वकिलाचीच शिकलेली मुलगी. नकार देणाऱ्या पोरीमागे घरातली एक तरी बाई उभी राहिली, की तिचे बळ दुप्पट होते.

नीराची भूमिका करणाऱ्या शांता आपटेही तशाच करारी. कराराच्या वादावरून १९३९ साली त्या प्रभातच्याच फाटकापाशी उपोषणाला बसल्या होत्या.

पण वाचकहो, या बोलपटाचा शेवट आम्हाला आजही टोचतो. नीराची सुटका होते ती म्हाताऱ्याला पश्चात्ताप होऊन तो स्वतःचा जीव देतो म्हणून. म्हणजे बाईचा नकार कितीही खरा असला, तरी तिच्यासाठी कायद्याचे दार बंदच होते. ते दार उघडावे म्हणून बाबासाहेबांनी हिंदू कोड बिल मांडले आणि ते रखडवले गेले तेव्हा १९५१ साली मंत्रिपदावर पाणी सोडले. त्याआधी १९४२ च्या जुलैमध्ये नागपूरच्या महिला परिषदेत त्यांनी बायकांना बजावले होते की लग्नाची घाई करू नका, आणि लग्न झालेच तर नवऱ्याची दासी होऊ नका, मैत्रीण होऊन बरोबरीने राहा. घटस्फोटाचा हक्क पुढे १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने मिळाला. तो आपल्या बौद्ध भगिनींनाही लागू आहे.

आता आपल्या दारात पाहू. बदनापूरला काय, अंबड-घनसावंगीला काय, पोरगी सातवी-आठवीच्या पुढे गेली की पाहुणे विचारू लागतात. दिवाळी झाली की ऊसतोडीच्या गाड्या भरतात. मुकादम उचल देतो ती कोयत्यावर, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीवर. पोराचे लग्न झाले की एक कोयता वाढतो. इकडे पोरीच्या बापाला घोर की आम्ही कारखान्यावर गेलो तर हिला गावात सांभाळणार कोण? या दोन्ही अडचणींचा हिशेब शेवटी पोरीच्या अंगावर मांडला जातो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, महाराष्ट्रातल्या वीस ते चोवीस वर्षांच्या शंभर स्त्रियांपैकी सुमारे २२ जणींचे लग्न अठराच्या आत झालेले आढळले. शेजारच्या परभणी जिल्ह्यात हा आकडा ४८ आहे. आपला जालनाही राज्याच्या सरासरीच्या वरच आहे.

बापाची अडचण खोटी आहे असे आम्ही म्हणत नाही. पण त्यावर लग्न हा उपाय नव्हे. पोरीला वसतिगृहात ठेवता येते, आजीपाशी ठेवता येते, वस्तीतल्या दोन-चार घरांनी मिळून सांभाळता येते.

आणि आजची नीरा तेवढी एकाकी नाही. २००६ च्या कायद्याने अठराच्या आतले लग्न लावणाऱ्याला, त्यात मिरवणाऱ्यालाही शिक्षा आहे. १०९८ या क्रमांकावर फोन करायला पैसे पडत नाहीत. गावचा ग्रामसेवक हाच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी आहे. लग्न होऊन गेले असले, तरी ती मुलगी वीस वर्षांची होईपर्यंत न्यायालयात जाऊन ते रद्द करून मागू शकते. हे आपल्या किती पोरींना माहीत आहे?

म्हणून भगिनींनो, या रविवारी महिला मंडळात बसाल तेव्हा नीराची गोष्ट सांगा. समोर शाळेत जाणाऱ्या पोरी बसवा आणि १०९८ हा आकडा त्यांच्याकडून पाठ करून घ्या. उद्या तुमची पोर 'नाही' म्हणाली, तर तिला गप्प करू नका. तिच्या मागे उभ्या राहा.