‘तोच हा’ हे सिद्ध कोणी करायचे?

बेंगळुरूच्या पीण्या औद्योगिक क्षेत्रात हजारो लघुउद्योग दाटीने उभे आहेत. तांब्याची तार, पितळेचा चुरा, जुन्या मोटारी यांना तेथे सदैव गिऱ्हाईक असते. अशा ठिकाणी चार हजारांच्या भंगाराची चोरी ही बातमीही होत नाही. परंतु 1 जुलै 2024 पासून या क्षुल्लक खटल्यात एका प्रश्नाला विलक्षण वजन आले आहे : आरोपी यापूर्वी कधी दोषी ठरला होता काय?

भारतीय न्याय संहितेच्या कलम 303 नुसार माल पाच हजारांहून कमी किमतीचा असेल, आरोपी प्रथमच दोषी ठरत असेल आणि त्याने तो माल किंवा त्याची किंमत परत केली, तर शिक्षा सामुदायिक सेवेची. तोच मनुष्य या कलमाखाली दुसऱ्यांदा दोषी ठरला, तर किमान एक वर्षाचा सश्रम कारावास, जो पाच वर्षांपर्यंत वाढू शकतो. (जुन्या दंड संहितेखालील दोषसिद्धी ‘या कलमाखालील’ मानायची का, हा वाद वकिलांना बरीच वर्षे पुरेल.)

ही पूर्वीची दोषसिद्धी सिद्ध कशी करावी, हे नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 334 मध्ये सांगितले आहे. निकालाचा प्रमाणित उतारा हवा. शिक्षेच्या बाबतीत तुरुंगाधिकाऱ्याचे स्वाक्षरीचे प्रमाणपत्र किंवा कारावासाचे वॉरंटही चालते. मात्र कोणताही कागद आणला तरी समोर उभा असलेला मनुष्य तोच आहे, याचा स्वतंत्र पुरावा लागतो. माझ्या मते या तरतुदीचा प्राण या शेवटच्या अटीत आहे.

मराठी वाचकांना मुंबईचे शक्ती मिल प्रकरण आठवत असेल. 20 मार्च 2014 रोजी दोन्ही खटल्यांत आरोपी दोषी ठरले. त्यानंतर दोन्हींत समान असलेल्या तिघांवर पुनरावृत्तीचा वाढीव दोषारोप ठेवण्यात आला आणि 4 एप्रिलला त्यांना फाशीची शिक्षा झाली. उच्च न्यायालयाने 2019 मध्ये ते कलम वैध ठरवले. 2021 मध्ये फाशीचे रूपांतर आजन्म कारावासात झाले. तेथे ओळखीचा प्रश्नच नव्हता. वाद होता तो ‘पूर्वीची’ या शब्दाचा.

पीण्यात नेमके उलटे आहे. ओडिशा, बिहार, उत्तर कर्नाटकातून आलेला कामगार, सर्रास आढळणारे नाव, भाड्याच्या खोलीचा पत्ता. पोलिसांच्या संगणकावर त्या नावापुढे तीन गुन्हे दिसतात. पण नोंदवलेला गुन्हा म्हणजे दोषसिद्धी नव्हे, आणि अपिलात झालेली सुटका त्या पडद्यावर उमटेलच याची खात्री नाही. घाईत असलेल्या दंडाधिकाऱ्याने हा तक्ता पुरावा म्हणून स्वीकारला, तर नावसाधर्म्यापायी एखादा वर्षभर तुरुंगात जाईल. उलट, दूरच्या तालुका न्यायालयातून उतारा वेळेत आला नाही, तर सराईत चोरही ‘प्रथमच’ ठरून सुटेल.

उपाय आवाक्याबाहेरचा नाही. ई-कोर्ट प्रणालीतून एका न्यायालयाची प्रमाणित नक्कल दुसऱ्या न्यायालयाला थेट मिळावी आणि तिला दोषी व्यक्तीच्या बोटांच्या ठशांची जोड असावी. 2022 च्या ओळख कायद्याने मोजमापांच्या नोंदी 75 वर्षे जपण्याची मुभा दिलीच आहे. त्या न्यायालयाच्या निकालाशी जोडण्याचे काम तेवढे उरले आहे.