तडजोडीला ‘नाही’ म्हणायचंही बिल येतं



आपण भाडं, लाइट बिल, पगार सगळं वहीत लिहितो. एक खर्च मात्र कोणीच लिहीत नाही: रागाच्या भरात नाकारलेली तडजोड. मी तो भरला आहे, म्हणून सांगतो.

दर्यापूरला माझं रेडिमेड कपड्यांचं दुकान आहे. काही वर्षांपूर्वी दिवाळीसाठी 2,000 कॅरीबॅग छापल्या. त्यावर दिव्यांचा झकास फोटो. डिझाइनवाल्याने तो नेटवरून उचलला, मीही विचारलं नाही. दोन महिन्यांनी फोटोग्राफरच्या वकिलाची नोटीस आली: वापर थांबवा, 18,000 रुपये द्या, विषय संपवू. बीबीए शिकलेला मी, पण म्हटलं काय? “कायले द्यायचे? फोटो तं गुगलवर पडेल होता!” नोटीस ड्रॉवरमध्ये टाकली. उत्तरसुद्धा दिलं नाही.

पुढच्या नोटिशीत आकडा 60,000 होता. मग वकील धरला, अमरावतीच्या चकरा मारल्या, अन् 35,000 वर मिटलं. माझ्या वकिलाचे 12,000 वेगळे. म्हणजे 18,000 चं काम 47,000 ला पडलं. वरचे 29,000 फोटोचे नव्हते, माझ्या तोऱ्याचे होते.

आता विचार करा, हे कोर्टात गेलं असतं तर?

कॉपीराइट कायदा 1957 चा आहे. फोटो, लेबलचं चित्र, कॅटलॉगचा मजकूर, सगळं त्यात येतं. दिवाणी दावा जिल्हा न्यायालयात किंवा त्यावरच्या कोर्टात चालतो, अन् कलम 62 प्रमाणे मालक जिथे राहतो किंवा धंदा करतो तिथेही तो दाखल करू शकतो. फोटोग्राफर पुण्याचा असला तर चकरा पुण्याच्या! खर्च कोणी द्यायचा हे कलम 55 ने कोर्टावर सोडलं आहे.

दाव्याची किंमत 3 लाख किंवा जास्त असली तर 2015 चा व्यावसायिक न्यायालय कायदा लागतो. ही मर्यादा आधी 1 कोटी होती, 2018 मध्ये खाली आली. या कायद्याने दिवाणी संहितेचं कलम 35 बदललं. साधारण नियम असा की हरणाऱ्याने जिंकणाऱ्याचा खर्च द्यायचा. पण खर्च ठरवताना कोर्टाने काय पाहायचं याची यादी दिली आहे, अन् त्यात स्पष्ट लिहिलं आहे: एका बाजूने वाजवी तडजोड देऊ केली आणि दुसऱ्याने ती विनाकारण नाकारली का?

हे दोन्हीकडून लागतं, हे लक्षात घ्या. समजा, तुमच्या मसाल्याच्या पाकिटाचं डिझाइन कोणी चोरलं. तो 2 लाख द्यायला तयार, तुम्ही 10 लाखांवर अडून बसलात, अन् कोर्टाने दीड लाख दिले. जिंकलात तुम्हीच, पण खर्चाच्या वेळी तुमचा हट्ट तुमच्या विरोधात मोजला जाऊ शकतो. इंग्लंडमध्ये हा नियम आणखी कडक आहे. तिथे रीतसर दिलेली ऑफर नाकारून दावेदाराला त्याहून जास्त मिळालं नाही, तर ऑफरची मुदत संपल्यापासूनचा समोरच्याचा खर्च साधारणपणे त्याच्याच माथी येतो. आपल्याकडे असं ठरलेलं सूत्र नाही, न्यायाधीश परिस्थिती पाहतात.

उशिरा शहाणपण आलं तरी सगळं माफ होत नाही. 2018 मध्ये मुंबई उच्च न्यायालयात ग्लेनमार्क कंपनीने आपल्या औषधाचं नाव आणि पाकीट यांच्या नकलेवरून दावा केला. नक्कल करणारी गॅल्फा कंपनी दाव्याला कबूल झाली. तरीही तिचं आधीचं वागणं पाहून कोर्टाने 1.5 कोटी रुपये भरायला लावले, तेही केरळच्या पूरग्रस्त निधीला.

मग आलेल्या प्रत्येक नोटिशीला पैसे द्यायचे का? अजिबात नाही. बिनबुडाच्या धमकीविरुद्ध कलम 60 खाली तुम्हीच कोर्टात जाऊ शकता. माझं म्हणणं एवढंच, ‘नाही’ म्हणा, पण हिशोबाने म्हणा.

1. चूक असेल तर वापर त्याच दिवशी बंद करा.
2. मुदतीच्या आत लेखी उत्तर द्या. गप्प बसणं म्हणजे उत्तर नव्हे.
3. आकडा जास्त वाटला तर कारणासह तुमचा आकडा सांगा. “असा फोटो इतक्याला मिळतो, मी इतके देतो,” असं.
4. पत्र वकिलाकडूनच लिहून घ्या. तडजोडीची भाषा कबुली ठरू नये, पण खर्चाच्या वेळी पत्र कोर्टाला दाखवता यावं, हे त्यांना आधीच सांगा.
5. मध्यस्थीची संधी सोडू नका. व्यावसायिक दाव्यात तातडीचा मनाई हुकूम मागायचा नसेल तर कलम 12अ प्रमाणे आधी मध्यस्थी करावीच लागते. सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये हे पक्कं केलं आहे.

अन् एक गोष्ट कोणतंच कोर्ट भरून देत नाही. तारखेच्या दिवशी बंद राहिलेलं शटर, परत गेलेलं गिऱ्हाईक, रात्रीची उडालेली झोप. ऑफर आली की एका कागदावर दोन आकडे मांडा: आज मिटवायचा खर्च आणि लढायचा खर्च. घरच्यांना दाखवा, वकिलाला दाखवा, रात्रभर थांबा. मग सकाळी काय ते ठरवा.

माझी ती नोटीस अजून त्याच ड्रॉवरमध्ये आहे. नवीन कॅरीबॅग छापायला देताना आधी ती काढून वाचतो.